दुपारचीले शेवट नव्हता

बदरुद्दीन मास्तरनं बत्तीस वर्षांत हजार-दीड हजार नवरदेव मांडवात पोचवले असतील. पण एकही गाणं शेवटापर्यंत पोचवलं नव्हतं.

वरातीतलं गाणं संपतच नसते, तुटते. अर्ध्यात नवरदेवाचा मामा येऊन कानात ओरडते, हे राहू द्या, दुसरं घ्या. दुसरं घेतलं की नवरदेवाचे दोस्त येतेत, त्यायले तिसरं पाहिजे. तिसरं रंगात आलं की मांडव येते, महाराज हात वर करतेत, आन् बॅण्ड जिथं असन तिथं गप. कारंजा गावात मास्तरच्या क्लॅरनेटचं लय नाव होतं, पण ते नाचणाऱ्यायमधी. बसून आयकणारा वरातीत एकच माणूस असते, घोडीवरचा. आन् त्याचं ध्यान कुठं असते ते का सांगाव लागते?

तर मे महिन्यात एक दिवस हार्डवेअरवाला दौलतसिंग बॅण्डच्या दुकानात आला. गावात उन्हाळी कलामेळा भरणार होता आन् हा त्याचा सचिव. शाळेच्या मैदानावर तीन दिवस. चित्रं, रांगोळ्या, भजनी मंडळ, गझला, लेकरायचे डान्स, सगळे गावातलेच कलाकार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाले बॅण्ड. आठ मिनिटं, स्टेजवर, खुर्च्यायवर बसून.

"आन् लोकं?" मास्तरनं विचारलं.

"लोकंही खुर्च्यायवर."

मास्तरनं हळूच विचारलं, "नाचन कोनी?"

"कोनी नाई नाचत. बसाचं आन् आयकाचं. पाहिजे तं पत्रिकेत छापून देतो," दौलतसिंग म्हणाला. अट एकच होती, फिल्मी चालणार नाही. सोताचं काही असन तं वाजवा.

सोताचं एक होतं. मास्तरनं चौदा वर्षांपूर्वी बसवलेली एक धून, तिचं नाव 'दुपारची'. उन्हाळ्यात दुपारी दोन-अडीचले गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. तवा मास्तर अंगणातल्या कडुनिंबाखाली सुतळीच्या बाजीवर बसून ती वाजवे. वरातीत नवरदेव तयार होईपर्यंत टाइमपास म्हणून बॅण्डही तीच वाजवे, आन् नवरदेव दाराबाहेर आला की टाकून देई. कोणी आयकली नाही. आता आयकणार होते, बसून, सुरुवातीपासून तं शेवटापर्यंत. मास्तरले त्या रात्री दोन घास कमी गेले.

बायकोले, अमीनाबीले, त्यानं सांगितलं की तू बी आ. अमीनाबीनं नवऱ्याले कधी बाहेर वाजवताना पाह्यलं नव्हतं, लोकायच्या वरातीत ती कायले जाईन.

"मैं आके क्या करूँ?" ती म्हणाली. "सुनती तो हूँ रोज."

"आधी सुनती," मास्तर म्हणाला. "पूरी कब सुनी?"

अमीनाबी कांदे निवडत राह्यली.

दुसऱ्याच दिवसापासून मास्तरच्या अंगणात तालीम सुरू झाली. दुपारची असल्यामुळं दुपारीच. ताशावर नरेंद्र, जो एरवी धनजच्या शाळेत शिपाई आन् सुट्ट्यायमधी बॅण्डमधी. मोठ्या ढोलावर रामधन. पितळी भोंग्यावर ग्यानबा, ज्याचं वय बासष्ट आन् दात सात. बाकी दोघं खुळखुळेवाले. धून मस्त चालली. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीत नरेंद्रनं ताशाच्या काड्या खाली ठेवल्या.

"मास्तर, हे संपते कुठं?"

मास्तरनं क्लॅरनेट तोंडातून काढलं. ग्यानबाकडं पाह्यलं. ग्यानबानं रामधनकडं पाह्यलं. रामधननं वर कडुनिंबाकडं पाह्यलं, जसं काही शेवट तिथं टांगून ठेवला असन.

कोणालेच मालूम नव्हतं. चौदा वर्षांत गरजच पडली नव्हती. संपवायचं काम नवरदेवाचं होतं.

ग्यानबा म्हणाला, रेडिओवर गाणं हळूहळू बारीक होत होत जाते, तसं करू. सगळे बारीक झाले, पण रामधन झाला नाही. डीजेच्या आवाजावर आवाज काढण्यात त्याची अर्धी जिंदगी गेली होती, ढोल हळू वाजवता येते हेच त्याले पटे ना. मास्तर म्हणाला, मंग मी थांबलो की तुमी थांबा. तेही जमलं नाही. वरातीत क्लॅरनेटवाला दम खायले थांबते तवा ढोल-ताशानं चालूच ठेवायचं असते. मास्तर थांबला की हे अजून जोरात वाजवत, म्हातारा दमला, सांभाळून घेऊ म्हणून.

आन् दरवेळी भांडण रंगात आलं की स्वयंपाकघरातून अमीनाबीचा आवाज येई, "चाय ठंडी हो रई, लेव." झालं. वाजवणं असो नाहीतर भांडण, सगळं जागच्या जागी बंद. सहाच्या सहा जण कपाच्या भोवती.

पाचव्या दिवशी नरेंद्रले उपाय सुचला. स्टेजवर आपण बसून राहू ना? मंग तिसरी फेरी झाली की मास्तरनं उठून उभं राहायचं. मास्तर उभा राह्यला की बंद. करून पाह्यलं. दोनदा बरोबर जमलं. तिसऱ्यांदा करणार, तं चहा झाला.

मेळ्याच्या तिसऱ्या दिवशी सहा वाजताही ऊन असं होतं की खुर्च्यायले हात लावून पाहून लोकं बसत होते. अमीनाबी तिसऱ्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन. बाजूले नरेंद्रची माय बेबीताई, जी तीन दिवसांपासून एकही कार्यक्रम न सोडता आयकून राह्यली होती. समोर सोफ्यावर प्रमुख पाहुणे, कोणीतरी रिटायर साहेब, हातात चहाचा कप. साहेबायले गरम चहा चालत नव्हता, ते निवायची वाट पाहून राह्यले होते.

मास्तरनं लाल कोट घातला, टोपी सरळ केली आन् खुर्चीवर बसला. समोर पाह्यलं. चारशे लोकं, सगळे बसलेले. कोणी रुमाल फिरवत नव्हतं. कोणाच्या तोंडात शिट्टी नव्हती. मास्तरनं क्लॅरनेट तोंडाले लावलं आन् वाजवायले सुरुवात केली.

पहिली फेरी अशी गेली की मास्तरले सोतालेच खरं वाटे ना. मागच्या रांगेतलं एक रडतं लेकरू गप झालं. दुसऱ्या फेरीत साहेबायनं डोळे मिटले. तिसरी फेरी झाली आन् ठरल्याप्रमाणं मास्तर उठून उभा राह्यला.

आता यात चूक कोणाची म्हणावी? बत्तीस वर्षं मास्तर उभा राह्यला म्हणजे एकच अर्थ होता, वरात निघाली. अंगणातल्या पाच दिवसांची त्याच्यापुढं काय टाप! रामधन सटकन उभा राह्यला. ग्यानबा उभा राह्यला. खुळखुळेवाले उभे राह्यले. ज्यानं हा उपाय काढला तो नरेंद्रही उभा राह्यला, आन् ताशाची लय एकदम दुप्पट झाली.

मास्तर घाबरून खाली बसला. कोणी बसलं नाही. तो पुन्हा उभा राह्यला. त्यायले वाटलं, मास्तर जोश देऊन राह्यला.

दौलतसिंगनं घड्याळ पाह्यलं, अकरा मिनिटं. विंगेत लेकरं मोराचे पिसारे बांधून ताटकळले होते. तो स्टेजसमोर आला आन् दोन्ही हात डोक्यावर करून जोरजोरात हलवू लागला, बंद करा, बंद करा. पण बॅण्डसमोर जो माणूस दोन्ही हात वर करून हलवते त्याले बॅण्डवाले काय समजतेत? रामधननं त्याच्यासाठी खास दोन ठेके टाकले. दौलतसिंगनं हात आणखी जोरात हलवले. रामधननं ढोल आणखी जोरात बडवला. मागच्या पोट्ट्यायले वाटलं सचिवसाहेबच नाचून राह्यले, म्हणजे परवानगी हाये. पहिले चार आले, मंग चाळीस. साहेबायनं डोळे उघडले तं सोफ्याभोवती वरात होती. मोराचे लेकरंही पिसाऱ्यासकट खाली उतरले. बेबीताई खुर्चीवर उभी राहून पाहू लागली.

स्टेजवर मास्तर वाजवत होता आन् त्याचं तोंड असं झालं होतं की जसं कोणी त्याचा नवरदेवच पळवून नेला. मैदानात एक माणूस बसलेला दिसे ना. दम लागला म्हणून थांबला तं बाकीच्यायनं सांभाळून घेतलं. कुठं संपवाव ते आताही मालूम नव्हतं. एकोणीस मिनिटं झाली, बावीस झाली.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून अमीनाबी उठली. पिशवी काखेत मारली, पदर डोक्यावर घेतला आन् नाचणाऱ्यायले कोपरानं बाजूले सारत स्टेजच्या पायऱ्यायजवळ आली. तिथं निवेदकाचा माइक उभा होता, चालूच. तिचं माइककडं ध्यानही नव्हतं. ती घरी बोलते तसंच बोलली, पण मैदानाच्या चारही लाउडस्पीकरमधून आलं.

"चाय ठंडी हो रई, लेव."

ताशा बंद. ढोल बंद. भोंगा, खुळखुळे, क्लॅरनेट, सगळं एका ठोक्यात बंद. मोठ्या शहरातल्या बॅण्डलेही जमणार नाही असं. रामधनची काडी हवेतच राह्यली. समोर साहेबायनं घाईघाईनं आपला कप तोंडाले लावला.

मंग टाळ्या पडल्या. लोकायले वाटलं शेवट असाच बसवला हाये. दौलतसिंग घामानं निथळत माइकवर आला आन् म्हणाला की असा शेवट आपण पहिल्यांदाच पाह्यला, पुढच्या वर्षी हाच पाहिजे. दोन लग्नवाले तं तिथंच विचारायले आले, चहावाल्या बाई वरातीत येतेत काय म्हणून.

ऑटोत मास्तर अमीनाबीच्या बाजूले बसला. टोपी मांडीवर. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर बोलला, "सब खड़े हो गए. बैठके किसीने नई सुना."

"मैं बैठी थी," अमीनाबी म्हणाली.

मास्तरनं मान वळवली.

"पूरी सुनी आज. पैली बार. घर में तो चाय रखने उठना पड़ता."

"फिर बीच में रोकी काय को?"

"बीच में कहाँ?" अमीनाबी म्हणाली. "वो तो कब की पूरी हो गई थी. जहाँ ऊपर जाके धीरे से नीचे आती ना, वहीं. उसके बाद तुम लोग वइच वइच बजा रहे थे."

मास्तर ऑटोवाल्याले पैसे द्यायचंच विसरला. नरेंद्रचा फोन आला तोही त्यानं उचलला नाही. तो रात्रभर मनातल्या मनात ती जागा शोधत होता, जिथं वर जाऊन धीरे से नीचे आती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता तो बाजीवर बसला. दुपारची सुरू केली. एक फेरी, दुसरी फेरी, मंग ती जागा आली. सूर वर गेला, हळूहळू खाली उतरला, आन् मास्तरनं क्लॅरनेट तोंडातून काढलं. काही तुटलं नव्हतं. संपलं होतं. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं, आन् गल्लीत कुठंच काही राह्यलं नव्हतं वाजवायचं.

स्वयंपाकघराच्या दारातून अमीनाबीचं डोकं बाहेर आलं. हातात साखरेचा डबा.

"हो गई?" ती म्हणाली. "मैंने तो चाय चढ़ाई बी नई."