काखेतला निकाल

लालासाहेबाला हरणं कधी जमलंच नाही. त्याचे बैल हरायचे, तो हरायचा नाही. वडूजच्या खालच्या अंगाला आमचं गाव. माघात यात्रा, यात्रेत बैलांच्या शर्यती आणि शर्यतीनंतर लालासाहेबाची तक्रार, असा सालाबादचा कार्यक्रम ठरलेला. एक्क्याण्णव साली आकारामची जोडी त्याच्या जोडीपुढं चार बोटं निघाली. शेवटच्या, चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर पंच म्हणून जोतिबा उभा होता. तीस वर्षं तो तिथंच उभा राहायचा आणि छकडे रेघ ओलांडेपर्यंत पापणी हलवायचा नाही. एकदा त्याच्या डोळ्यात चिलट गेलं, तर ते बिचारं पापणी मिटायची वाट बघत दोन फेऱ्या आतच बसून राहिलं. जोतिबानं निशाण आकारामच्या बाजूला टाकलं.

"म्हाताऱ्याला दिसत न्हाई," लालासाहेब भर मैदानात म्हणाला. "पुढल्या साली रेघंवरचा फोटूच काढतो. मग कळंल कोण खरं आन् कोण खोटं."

"काढ की," जोतिबा म्हणाला. "फोटूत मी खोटा निघालो तर निशाण तुझ्या पायाशी ठीवतो. पुन्यांदा मैदानात दिसायचो न्हाई."

जोतिबाकडं रान नव्हतं, पोरबाळ नव्हतं. 'पंच' एवढीच त्याची इस्टेट. त्या एका शब्दावर त्याला लग्नाच्या पंगतीत पहिलं पान मिळायचं. तीच त्यानं पणाला लावली, आणि आम्ही बाकीचे शहाणे शेंगा खात ऐकत राहिलो.

आता फोटोचं. लालासाहेब फौजेत होता. पासष्टच्या सुमाराला संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून गाझाच्या वाळूत पहाऱ्याला गेला होता, तिकडून एक कॅमेरा घेऊन आला. पुढं भाता, मागं कागदाची पेटी. फोटो काढायचा, कागद ओढायचा, मिनिटभर थांबायचं, वरचा पापुद्रा सोलायचा. आत फोटो तयार. त्यानं तिकडं एका उंटाचा फोटो काढला, तर उंटानं दुसरी प्रत मागितली, असं तो स्वतः सांगायचा. मी नुसतं ऐकायचं काम केलं.

पंचवीस वर्षांनी त्यानं ट्रंकेतून कॅमेरा काढला. कागदाची पाकिटं पुण्यात मिळत होती. पासपोर्टचे फोटो काढणारे तीच वापरायचे. अडलं बॅटरीवर. आतली बॅटरी फुगून तिला हिरवा फुलोरा आला होता, आणि तसली बॅटरी बनवायचं सगळ्या जगानं सोडून दिलं होतं. लालासाहेबानं काय करावं? टॉर्चचे सेल वाळवतात तशी ती पत्र्यावर उन्हात वाळत घातली. तीन दिवस. शालूबाई, त्याची बायको, तिला सांडग्यांबरोबर उलटीपालटी करत होती. चौथ्या दिवशी सांडगे वाळले.

मग हा साताऱ्याला गेला. दुकानदारानं बॅटरी हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "काका, हे कुठल्या खोदकामात सापडलं?" तिथून हा थेट सांगलीला, विश्रामबागेत. भाचा ऋषिराज तिथं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. पोरगं हुशार. मामावर गेलेलं नव्हतं.

त्यानं जुनी बॅटरी उलटसुलट केली, अक्षरं वाचली. "साडेचार व्होल्ट, मामा. रिमोटात घालत्यात ते बारीक सेल आल्यात बघा आता. दीडचा एक. तीन जोडलं की झालं काम."

"तीनच?" लालासाहेबाचं तोंड उतरलं. "बैल पळत असणार रं. जोर लागंल. ट्रॅक्टरची बॅटरी लाव की."

"मामा, सेल कॅमेऱ्याला जोडायचं हायती. बैलाला न्हाई."

"तरीपण चार तरी लाव. फौजेत आमी एक जादाच ठेवायचो."

"चार लावलं तर आतली यंत्रणा जळंल. मग ठेवा जादा."

ऋषिराजनं तीन सेल सायकलच्या ट्यूबच्या रबरानं एकत्र बांधले, तारा डाक देऊन जोडल्या, फुलोरा खरवडून काढला आणि कळ दाबली. आतला पडदा टकटक उघडला-मिटला. त्यानं बजावून सांगितलं, की या कॅमेऱ्याचा पडदा विजेवर चालतो. सेल सुटले तर फोटो काळा येईल. लालासाहेबानं मान डोलावली आणि गावात येऊन सांगितलं, की विश्रामबागेच्या मोठ्या इंजिनियरला जमेना, शेवटी मीच जोडलं.

पाकिटात दहा फोटो. एक शालूबाईचा, पदर सावरताना. एक सरपंच नानासोचा, एक त्याच्या नव्या मोटारसायकलचा. म्हशीचे दोन, कारण पहिल्यात तिनं डोळे मिटले होते. "सेल तपासतोय," असं म्हणत त्यानं नऊ संपवले. उरला एक.

ब्याण्णवच्या शर्यतीत अंतिम फेरीला पुन्हा तीच दोघं आली, लालासाहेब आणि आकाराम. देवालाही तमाशे आवडतात. छकडा हाकायला पोरगं बसवून लालासाहेब स्वतः रेघेवर कॅमेरा लावून बसला. समोर जोतिबा, हातात निशाण. छकडे आले, धूळ आली, कळ वाजली. त्याच क्षणी जोतिबानं निशाण टाकलं. आकारामच्या बाजूला.

पण तिकडं बघतो कोण? लालासाहेबानं कागद ओढला आणि सदऱ्याची गुंडी सोडून काखेत घातला. कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, की कागद उबेत धरावा. ते लिहिलं होतं बर्फाच्या मुलखासाठी. आमच्याकडं दुपारचे दोन वाजलेले, आणि त्याची काख अशी तापलेली, की आत पीठ टाकलं असतं तर भाकरी फुगून बाहेर आली असती.

मिनिटभर सगळं गाव लालासाहेबाच्या काखेकडं बघत उभं राहिलं. हजारभर माणूस. टोप्या काढून हातात घेतलेली माणसं मी त्यात बघितली. नानासोनं घड्याळ धरलं होतं. आणि जोतिबा रेघेवर एकटाच, निशाण खाली टाकून.

पापुद्रा सोलला. उष्णतेनं सगळं तांबूस झालं होतं, पण फोटो स्वच्छ. आकारामचा बैल अर्ध्या मुंडीनं पुढं.

लालासाहेबानं फोटो उभा धरला, आडवा धरला. मग म्हणाला, "सेल बारीक पडलं."

"म्हंजी?" आकारामनं विचारलं.

"तीनच हायती. जोर कमी. माझा बैल लय जोरात हुता, त्यो पुढं गेलेला त्यांना पकडता आला न्हाई. तुझा सावकाश, म्हणून घावला."

"आवं, मग माझा सावकाश बैल पुढं कसा?"

"त्येच सांगतोय. मूळची बॅटरी पायजे हुती."

लोक हसले. मग लोकांना जोतिबाची आठवण झाली. नानासो हार घेऊन पुढं झाला. "जोतिबा, खरा निघालास की गड्या."

"मला ठावं हुतं," जोतिबा म्हणाला. "निशाण टाकलं तवा तुमच्यातल्या कुणी बघितलं?"

  मीही काखेकडंच बघत होतो.

"एवढ्या वर्सांत पयल्यांदा असं झालं. मी निकाल दिला आन् गाव निकालाची वाट बघत हुतं."

"आवं पण तुमी जिंकला न्हवं?" आकाराम म्हणाला.

"फोटू जिंकला." त्यानं निशाण उचललं, झटकलं, घडी घातली आणि रेघेवर ठेवलं. हार नानासोच्या हातातच राहिला. जोतिबा घराकडं निघाला, आणि त्याला अडवायची लाज वाटावी एवढी अक्कल तरी आम्हाला होती.

पुढच्या साली आम्ही दोनदा त्याच्या दारात गेलो. त्यानं चहा पाजला, मैदानाचं नाव काढू दिलं नाही. मग गावानं सभा घेतली आणि त्या एका माणसाच्या जागी तीन पंच नेमले. पहिल्याच फेरीत तीन निशाणं तीन दिशांना पडली. छकडे होते दोन.