अनुभवाचा दाखला

“अनुभवाचा दाखला पायजे, साहेबजी,” उदाराम म्हणाला. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने खुर्ची झटकली आणि तिच्यावर न बसता उभाच राहिला.

कॉम्प्युटरमागून योगराज साहेबांनी मान वर केली. साहेब गावचे ग्रामसेवक. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी जन्माचे, मृत्यूचे, रहिवासाचे दाखले दिले होते, एकदा तर कोंबड्यांचासुद्धा. हा नवा होता.

“कशाचा म्हणता, काका?”

“अनुभवाचा. पोरीच्या नोकरीसाठी लागून राहिला.”

पोरगी दारात उभी होती. दुर्गेश्वरी. अर्जदाराची सही लागेल म्हणून बापाने तिला धानाची रोवणी सोडून तशीच उचलून आणली होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आपण कशासाठी आलो आहोत हे तिलाही आत्ताच कळलं, आणि तिला वाटलं, गुपचूप मागच्या पावली धानाच्या बांधीत जावं आणि वाकून उभं राहावं. वाकलेल्या माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही.

चूक म्हटली तर तिचीच होती. यंदा तिची बी.कॉम. पुरी झाली, सगळी फोनवर. सालेकसाच्या पलीकडे जंगलाला टेकलेल्या त्या गावात घरात नेटवर्क येत नाही. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढल्या की येतं. तीन वर्षं ती त्या पायऱ्यांवर बसून शिकली. पदवीनंतर सहा अर्ज केले. दोघांनी उत्तरं धाडली. त्यातलं दुसरं तिने चुलीपाशी मोठ्याने वाचलं: अनुभव प्रमाणपत्र जोडलेले नसल्याने आपला अर्ज विचारात घेता येत नाही.

“म्हंजे कागद कमी पडला?” उदारामने विचारलं होतं.

“हो,” ती म्हणाली. तसं पाहिलं तर खोटं नव्हतं.

“एवढंच न!” तो म्हणाला आणि चांगला दोन पोळ्या जास्त जेवला. कागद कमी पडणं ही त्याच्या ओळखीची गोष्ट होती. आयुष्यभर त्याला खिडक्यांवरून कुणी ना कुणी परत धाडलं होतं आणि दर वेळी कमी पडलेला कागद ग्रामपंचायतीत मिळाला होता.

“काका, असा दाखला नाही राहत,” योगराज साहेब म्हणाले. “जिथं नोकरी केली, ते देतात.”

“नोकरी भेटाले अनुभव पायजे, अन् अनुभवाले नोकरी?”

“असंच आहे ते.”

“मंग पयला मानूस कसा घुसला?”

दुर्गेश्वरीने तो प्रश्न मनात बाजूला काढून ठेवला.

“तुमी हयातीचा दाखला देता का नाई?” उदाराम आता खुर्चीला धरून पुढे झुकला. “मानूस जिता आहे मनून लिवून देता. तो तर समोर उभा रायते, डोयानं दिसते. जे दिसते ते लिवता, मंग जे दिसत नाई ते लिवाले कायले घाबरता जी?”

योगराज साहेबांनी पोरीकडे पाहिलं, तिच्या चिखलाकडे पाहिलं. मग रहिवासाच्या दाखल्याचा नमुना उघडला आणि म्हणाले, “सांगा. काय काय येते तिले?”

आणि उदाराम सांगू लागला. हा माणूस घरात दिवसाला वीस वाक्यं बोलतो. टाकीवर बसलेल्या पोरीकडे त्याने तीन वर्षांत कधी मान वर करून पाहिलं असेल, असं तिला वाटलंही नव्हतं.

“लिवा. फोनवरचे फारम भरते. गावातल्या अर्ध्या घराचे तिनंच भरले, टाकीवर बसून. दोन. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात कोन्त्या खिडकीवर कोन्ता कागद लागते, ते तिले पाठ आहे. शेजारच्या शामकलाबाईच्या डोयाच्या आपरेशनाले हेच पोरगी संग गेलती. तीन. तेंदूपानं मोजून घेते त्या फळीवर सत्तर पानाचा पुडा हातात घेतला का सांगते, पान कमी आहे मनून. मोजत नाई. चार. राशनच्या रांगेत भांडन लागलं का मधात जाते, अन् दोघंबी हासत घरी जाते.”

“हे चौथं कसं लिहू?”

“जसं आहे तसं लिवा.”

दुर्गेश्वरी ऐकत होती. लाज हळूहळू मागे सरली आणि तिच्या जागी नुसतं कुतूहल आलं. ही कोण पोरगी आहे, जिला एवढं सगळं येतं?

दाखला निघाला. ‘कु. दुर्गेश्वरी उदाराम कटरे, हिला खालीलप्रमाणे अनुभव आहे,’ आणि खाली चार ओळी. तळाशी नमुन्यातली ओळ तशीच राहिली: हा दाखला सहा महिन्यांपर्यंत वैध राहील. शिक्क्याचं पॅड वाळलेलं होतं. दोनदा हाणूनही गोल जेमतेम उमटला.

पुढच्या आठवड्यात गोंदियाहून बोलावणं आलं. कुडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बियाण्यांचं ठोक दुकान, वर ऑफिस, ऑफिसात मदतनीस पाहिजे. दरेकसा स्टेशनवरून सकाळची गाडी धरली. उदाराम सोबत. “मी खाली बसतो, तू बोल,” म्हणाला, पण जिना चढून आला आणि दाराबाहेर चपला काढून, देवळात बसतात तसा मांडी घालून बसला. दाखला तिने फाइलमध्ये सगळ्यात खाली, झेरॉक्सांच्याही खाली घातला होता.

मॅनेजर नंदलालजी पन्नाशीचे, कपाळावर चष्मा.

“डिग्री ऑनलाइन? मतलब, घर बैठे?”

“घरी नेटवर्क नाही येत जी. पाण्याच्या टाकीवर बसून.”

“टंकी पर?”

“पायऱ्यांवर. अठराव्या पायरीपासून दोन दांड्या येतात. वरती गेलं तर तीन, पण ऊन लागते.”

नंदलालजींनी चष्मा खाली घेतला. “और एक्सपीरियन्स?”

“नाही जी.” मग बाजूला ठेवलेला प्रश्न तोंडातून निघूनच गेला. “एक विचारू? तुम्हाला पहिला अनुभव कुणी दिला?”

हे टोमण्याने विचारलं असतं तर मुलाखत तिथेच संपली असती. पण तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

“मेरे चाचा की दुकान थी,” ते आठवत म्हणाले. “सतरा साल का था. दोन महिने नुसतं झाडू मारलं. पहिल्याच दिवशी ज्वारीच्या पोत्यात मक्का ओतला.”

“मग?”

“चाचाने पूरा दिन बैठके चुनवाया.”

“म्हणजे अनुभव नव्हता तेव्हा चाचा होते,” दुर्गेश्वरी म्हणाली. तिला कोडं सुटल्यासारखं झालं.

नंदलालजी हसले. तेवढ्यात दार ढकललं गेलं आणि उदारामचं डोकं आत आलं.

“काढला का व तो दाखला? साहेबजी, तिचा दाखला आहे. लाजून राहिली ते.”

“बाबा!”

“काढ न, माय. त्यासाठीच तर आलो.”

तिने काढला. नंदलालजी मोठ्याने वाचू लागले; पहिल्या ओळीला हसले, तिसरीला थांबले. “बिना गिने?” ते म्हणाले आणि टेबलावरच्या बियाण्यांच्या पत्रकांचा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. “बोलो. सौ पूरे हैं?”

तिने गठ्ठा तळव्यावर घेतला, अंगठ्याने कडेवरून एकदा सरकवला. बाप एव्हाना आत येऊन उभा होता.

“चार कमी आहेत.”

नंदलालजींनी मोजले. बोट ओलं करून, एक एक. शंभर होते. पुरे शंभर.

मग दुर्गेश्वरीलाच हसू फुटलं. “कागद पातळ आहे जी.”

“पान ओलं रायते, साहेबजी,” उदाराम घाईने म्हणाला. “कागद कोरडा. वजनात फरक पडते.”

“हाँ, वो तो है,” नंदलालजी गंभीरपणे म्हणाले. त्यांनी दाखला उजेडाकडे धरला. “शिक्का तो दिखताच नाही. बेटा, कळवतो तुम्हाला.” आणि फाइल परत देण्याआधी खिशातून फोन काढून त्यांनी त्या दाखल्याचा फोटो घेतला.

गाडीत उदाराम खिडकीशी बसला होता. “फोटो काढला. म्हंजे घेते.”

तो फोटो नंदलालजी घरी कुणाला दाखवतील, आणि दाखवताना हसतील की नाही, याचा दुर्गेश्वरी विचार करत होती. दोन्ही होऊ शकत होतं. एकाच वेळीही होऊ शकत होतं.

फोन आला नाही. श्रावण गेला, दिवाळी गेली, धान कापून झालं. त्या काळात ती आणखी चार ठिकाणी जाऊन आली. दाखला आता फाइलमध्ये वरच होता. एकाने वाचून शेजारच्याला दिला, एकाने न वाचताच परत केला. एका बाईंनी “हे कुणी लिहिलं हो?” असं विचारलं, “बाबांनी” म्हटल्यावर चहा पाजला, आणि जागा मात्र अनुभव असलेल्या मुलाला दिली. घरी आल्यावर देवकाबाई, तिची माय, आधी तिच्या तोंडाकडे बघायची, मग न विचारता ताट वाढायची.

संक्रांतीनंतर एका सकाळी उदाराम म्हणाला, “चाल. मुदत सरली.”

“कशाची?”

“दाखल्याची. उद्या तुले गोंदियाले जायचं आहे न? जुन्या कागदावर कोन घेईन?”

ग्रामपंचायतीत योगराज साहेबांनी जुनी फाइल उघडली. आता हा दाखला त्यांना नवा नव्हता. “काही बदल?”

“पाच जागी मुलाखत देल्ली, लिवा. कोनासमोर लाजत नाई, लिवा.”

“थांबा,” दुर्गेश्वरी म्हणाली. “मी लिहिते.”

साहेब खुर्चीवरून उठले. ती बसली. आधीच्या चार ओळी तिने तशाच ठेवल्या, बापाची पाचवी लिहिली, आणि सहावी स्वतःची: एकदा शंभर पत्रकं न मोजता शहाण्णव सांगितली. तेव्हापासून कागद मोजून घेते.

“चूक कायले लिवली?” उदाराम स्क्रीनवर वाकून म्हणाला.

“तोच तर अनुभव आहे, बाबा. नंदलालजींचा मक्का होता, माझा कागद.”

उदारामने जरा विचार केला. “मंग राहू दे.”

तळाची मुदतीची ओळ तिने पाहिली. “ही काढू का?”

“निघत नाही ती,” योगराज साहेब म्हणाले. “नमुन्यातच आहे. पुढच्या खेपेला ये, अजून दोन ओळी वाढव.”

छापलेला कागद टेबलावर आला तेव्हा उदारामने बंडीच्या खिशातून एक लहान बाटली काढली. शिक्क्याची जांभळी शाई. गोंदियाच्या मागच्या खेपेलाच तिथल्या बाजारातून आणून ठेवली होती, कुणाला न सांगता. त्याने ती पॅडवर अशी ओतली की साहेबांना “बस, बस!” म्हणावं लागलं.

शिक्का पडला. गोल, भरगच्च, गावाच्या नावातलं एकेक अक्षर मोकळं.

“फाइलमधी नको घालू आताच,” उदाराम म्हणाला. “शाई फासन.”

त्याने तो कागद दोन्ही हातांच्या तळव्यांवर आडवा घेतला. बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून तो पुढे, ती मागे. थोडं चालायचा, थांबायचा, खाली वाकून ओल्या शाईवर हळूच फुंकर मारायचा, आणि पुन्हा चालायला लागायचा.