दुर्री, पंजी, नव्वी

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मला आणि माझ्या नवऱ्याला, नंदकिशोरना, भांडायचं असेल तर कुजबुजत भांडावं लागे. घाटकोपरच्या दोन खोल्या. मधे एक छापील पडदा, पडद्यापलीकडे थोरले दीर दशरथभाऊजी आणि शेवंतीवहिनी, अलीकडे आम्ही आणि सासूबाईंची खाट. त्यामुळे भाऊजींच्या साहेबांनी मनोरीच्या आपल्या बंगलीची चावी दोन दिवसांसाठी दिली, तेव्हा मला समुद्राचं काही पडलं नव्हतं. मला हवा होता आतून कडी लागणारा दरवाजा.

पण सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. एका जोडीला घरी थांबणं भाग होतं.

"चावी घरात इली, ती घराची झाली," सासूबाईंनी खाटेवरून निकाल दिला. "दोघा भावांनी तीनपत्ती खेळा. नळाक पाणी येयपर्यंत जेच्याकडे चिंचोके जास्त, तो जातलो."

आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला तीनपत्ती असतेच, आणि देवासमोर पैसे नकोत म्हणून चिंचोके. तेच डबा भरून निघाले.

मी मनातून खूश झाले. आमचे हे विमा कंपनीत. माणसं साधारण कधी मरतात याचे तक्ते करायची नोकरी! पत्त्यांचं काय एवढं?

"हे बघ," ह्यांनी मला समजावलं, "चारपैकी तीनदा हातात काहीच येत नाही. म्हणून थांबायचं. पानं चांगली आली की मारायचं."

आणि हे थांबले. प्रत्येक डावाला दोघांनी एकेक चिंचोका मधे टाकायचा. मग हे पानं उचलणार, पुटपुटणार, बोटं मोजणार आणि पानं टाकून देत म्हणणार, "पॅक." भाऊजी तर पानं न बघताच खेळत होते. आमचा ढीग वितळत चालला. माझं डोकं तापत चाललं.

मग एकदाचं ह्यांचं पुटपुटणं थांबलं. बोटंही थांबली. हे नुसते गप्प बसले. भाऊजींनी एकदाच ह्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"नंदू गप्प झालो! पॅक."

ह्यांनी पानं उलटी केली. तीन सत्त्या!

"चारशे पंचवीस डावांत एकदा येतात अशी तीन सारखी पानं!"

"आणि एक चिंचोका देऊन गेली," मी म्हणाले. "सरका बाजूला."

मी खेळायला बसले, हे माझ्यामागे. पुढच्या डावात भाऊजींनी न बघता मूठभर चिंचोके लोटले. मीही न बघता लोटले. पुन्हा त्यांनी, पुन्हा मी. तेवढ्यात मोरीतला नळ गुरगुरला.

"ह्यो शेवटचो डाव!" सासूबाई ओरडल्या.

आता मी पानं उचलली. दुर्री, पंजी, नव्वी, तिन्हींचे रंग वेगळे. जोडीसुद्धा नाही. कानामागे पुटपुटणं सुरू झालं, "अगं, ह्याची शक्यता म्हणजे..."

मी हात मागे नेला आणि ह्यांच्या मांडीला कडकडून चिमटा काढला. काढला तो सोडलाच नाही. हे गप्प. डोळे मोठे, ओठ घट्ट.

मी होते नव्हते ते सगळे चिंचोके मधे लोटले.

भाऊजींनी पहिल्यांदाच आपली पानं बघितली आणि गालात हसले. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. हसू मावळलं.

"मेलो परत गप्प झालो," ते म्हणाले आणि त्यांनी पानं फेकली. दोन राजे होते त्यात! मधला सगळा ढीग आमचा झाला, आणि चावीही.

माझा हात मागे गेलेला वहिनींनी बघितला होता. त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. पडदा त्यांच्याही बाजूने तेवढाच पातळ होता. पाणी भरताना त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाल्या, "पुढची चावी माझी हां."

मार्व्याहून होडीत बसल्यापासून मनोरी येईपर्यंत, असल्या पानांवर खेळणं हा कसा शुद्ध मूर्खपणा होता, ते हे मला समजावत होते. मी ऐकून घेतलं. बंगलीत शिरले, दार लावलं, कडी घातली.

"हं," मी म्हटलं, "आता भांडा मोठ्याने."

ह्यांनी कडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुटपुटणं नाही, बोटं मोजणं नाही. हे नुसते गप्प उभे राहिले.

आणि या वेळी मी चिमटा काढला नव्हता.