तिसरा ठोका

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. पण माझ्यात बाळ कधी झोपले नाही. कोळशाच्या खाणीत माणसे खाली उतरवणारा आणि वर आणणारा मी लोखंडी पिंजरा. खाणकामगार मला लाडाने पाळणा म्हणत. घरातला पाळणा आईच्या हातातल्या दोरीने हलतो, मला हलवायला इंजिन लागे. बाकी धर्म दोघांचा एकच. ज्याला आत घेतले, त्याला सुखरूप परत द्यायचे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एक जण लाल तापलेला रिवेट चिमट्यात धरून भिरकावी, दुसरा तो डब्यात झेले, तिसरा घणाने ठोकून माझ्या अंगात बसवी. घणवाला जरा बहिरा होता, पण मनाने हळवा. शेवटचा रिवेट बसला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "लेक सासरी धाडावी तसा धाडतोय तुला. नीट नांद. तोंडातून ब्र काढू नकोस."

आणि खरेच, इतकी वर्षे मी ब्र काढला नाही. आज पहिल्यांदा बोलतो आहे.

माझे सासर म्हणजे एक खोल, काळोखी विहीर. तिच्यात पाणी नव्हते. तळाशी बोगदे होते आणि बोगद्यांत कोळसा. विहिरीच्या तोंडाशी इंजिनघर होते. इंजिनवाल्याला विहिरीच्या तळाचे काहीच दिसत नसे. तो बिचारा फक्त घंटा ऐकायचा. तळाशी एक दोरी होती. ती ओढली की वर इंजिनघरात ठोका पडे. दोन ठोके म्हणजे कोळसा. मग इंजिनवाला क्षणही न थांबता मला भरधाव वर ओढी. तीन ठोके म्हणजे माणसे. मग तो आधी जरा थांबायचा आणि नंतर मला हळू, अलगद वर घ्यायचा. ते थांबणे कुणासाठी? ज्याने दोरी ओढली त्या घंटीवाल्यासाठी. त्याने तिसरा ठोका द्यायचा, दोरी सोडायची, आत यायचे आणि आतून कडी लावायची. कोळसा भरला की मात्र कडी बाहेरून.

ही कडीची गोष्ट ध्यानात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

आमच्या घंटीवाल्याला सगळे बुवा म्हणत. गळा असा गोड की ऐकणाऱ्याने तहान विसरावी. पहाटेच्या पाळीला मी खाली निघालो की दाराजवळच्या गजावर तो अंगठीने ताल धरी आणि स्वतःच जुळवलेली एक ओळ म्हणे, "नेतो तोच आणतो." बाकीचे त्याच्या मागोमाग ती ओळ ओढत. काळोखात डबा घसरत चाललेला, कान दडलेले. पण त्या एका ओळीने भीतीला दाराबाहेर उभे केलेले मी पाहिले आहे. देवळाचा उंबरठा मी कधी पाहिला नाही. पण देऊळ म्हणजे काय ते मला तेव्हा कळले.

"बुवा, आज सूर फारच चढलाय," एकदा एक जण म्हणाला. "घरी भांडण झालं वाटतं?"

"भांडण कसलं रे? लेक झाली काल!"

"मग आता ती रडणार आणि तू गाणार. बायकोनं कुठं जावं?"

"तुझ्या घरी येईल की. तुझं घोरणं ऐकण्यापेक्षा ते बरं!"

सगळे खो खो हसले. त्यांच्या हसण्याने माझे गज थरथरले. तपासनीस साहेब येत, दोर पाहत, माझ्या अंगावर चापट मारून म्हणत, "खणखणीत आहे!" ते माझ्या सुखाचे दिवस होते. पण सुखाचे दिवस सांगायला थोडाच वेळ पुरतो, हे तुम्हीही ऐकले असेल.

एके दिवशी खाली आग लागली. बोगद्यातले लाकडी टेकू पेटले आणि धूर माणसांच्या मागे लागला. मी खेपांवर खेपा केल्या. बुवा तळाशी उभा राहून माणसे चढवत होता आणि दर वेळी मला वरून रिकामा परत बोलावत होता. तीन ठोके, अलगद वर. तीन ठोके, अलगद वर. शेवटी जे उरले ते माझ्यात मावतील त्याहून बरेच जास्त होते. बुवाने एकेकाला आत कोंबले. कुणी कुणाच्या पायावर, कुणी कुणाच्या छातीशी. धूर इतका दाटला होता की इंजिनवाल्याचे ते थांबणे आणि माझे ते अलगद चढणे कुणालाच सोसले नसते.

दाराशी अडकलेल्या एकाने खोकत विचारले, "बुवा, आणि तू?"

"पुढच्या खेपेला येतो."

आणि मित्रांनो, त्याने कडी बाहेरून लावली.

मग दोरी ओढली. एक. दोन. बस. कोळशाला देतात तशी हाक. मी भरधाव सुटलो. वर पोचलो तेव्हा आतली माणसे बेशुद्ध होती, पण श्वास घेत होती. वरच्या लोकांनी बाहेरची कडी काढून त्यांना ओढून काढले. त्या गोंधळात कडीकडे कोण बघतो? मी खाली जायला दोर ताणून उभा होतो. पण आग विझायची तर तिला हवा मिळता कामा नये, म्हणून हुकूम सुटला आणि विहिरीचे तोंड बंद झाले. पुढची खेप झालीच नाही. "नेतो तोच आणतो" म्हणणाऱ्याला मी आणू शकलो नाही.

चौकशी झाली. एक माणूस खाली असताना तोंड का बंद केले, खाणीला दुसरी वाट का नव्हती, असे प्रश्न कुणी विचारण्याआधीच उत्तर तयार होते. घंटीवाला घाबरला, तिसरा ठोका द्यायला विसरला, म्हणून पाळणा त्याला न घेताच निघाला. वाचलेल्यांनी सांगून पाहिले. त्यांना सांगितले गेले की धूर डोक्यात गेला आहे, तुम्हाला काय आठवणार? त्यांना चुली पेटवायच्या होत्या. हळूहळू ते गप्प झाले. फक्त दाराशी अडकलेल्या त्या एकाने बुवाच्या बायकोच्या पायरीवर बसून सगळे सांगितले आणि रडला. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तो मीठ विसरेल, ठोका नाही विसरणार."

आग विझल्यावर विहीर पुन्हा उघडली, पण बुवा सापडलाच नाही. पुढे कोळसा संपला आणि खाण बंद पडली. विहिरीत काँक्रीट ओतले. मी उघड्यावर गंजत पडलो. पारव्यांनी माझ्या छपरावर संसार थाटले, चोरांनी माझी साखळी कापून नेली. खाणीभोवतीचे गाव पोटाला चिमटा घेऊन बसले. पुढची पिढी बॅगा भरून निघून गेली.

आणि मग एके दिवशी पाहुणे येऊ लागले! कुणीतरी ठरवले की मेलेली खाण म्हणजे बघण्याजोगी गोष्ट आहे. चिमणीवर जांभळे दिवे लागले. इंजिनघरात गाण्याच्या मैफिली होऊ लागल्या. कामगार जिथे अंगावरची काजळी धूत, तिथे नाच बसवले जातात. दिवे ठेवायच्या खोलीत कॉफी मिळते. कामगारांच्या खोल्या आता पाहुण्यांना रात्रीपुरत्या भाड्याने देतात, भिंतीवर जुने फावडे टांगून. मी तक्रार करत नाही. माझा गंज खरवडला, मला रंग दिला. ओसाड पडण्यापेक्षा चार माणसांचा पाय लागलेला बरा.

पण मला आता कुठेही न्यायचे नसते. माझ्याखाली एक यंत्र बसवले आहे, ते मला जागच्या जागी हलवते. दोन्ही बाजूंना खडकाची चित्रे काढलेले पट्टे वर सरकतात आणि आतल्यांना वाटते, आपण खोल चाललो. छपरातून एक भारदस्त आवाज खाणीची हकिकत सांगतो. मग समोरचे दार उघडते आणि पलीकडे खाणीचा तळ म्हणून सजवलेली एक खोली असते. तिथे घंटेची ती जुनी दोरी टांगली आहे. हौसेने ज्याला त्याला ओढू देतात.

मला हलवायचे बटण कुणाच्या हातात दिले, सांगू? बुवाच्या लेकीच्या. त्या गावात दुसरे काम उरले होते कुठे? निळा कोट घालून ती रोज पाहुण्यांना आत घेते, "गजाला धरा हं" म्हणते आणि बटण दाबते. मग तो आवाज बोलू लागतो. शेवटाजवळ एक वाक्य येते, "आणि घाबरलेल्या घंटीवाल्याच्या हातून ती चूक झाली. तिसरा ठोका राहून गेला." हे वाक्य येण्याआधी लेक यंत्राचा जोर वाढवायची खुंटी गच्च पिळायची. मी असा खडखडायचो, असा खडखडायचो की कुणाला काही ऐकू जाऊ नये. पाहुणे किंचाळत, हसत, म्हणत, "वा, काय थरार!" आम्हा दोघांचे ते गुपित होते. घणवाल्याला दिलेला शब्द मोडून मी तेवढ्यापुरता ओरडून घेत होतो.

पण थरार एका पाहुण्याला बाधला. त्याला ओकारी झाली, तक्रार गेली आणि वरिष्ठ साहेबांनी खुंटीवर सील लावले. आता मी एकाच चालीने हलतो.

नेमके त्याच आठवड्यात जुन्या कामगारांच्या घरच्यांना एक दिवस मोफत प्रवेश होता. बुवाची बायको आली. इतकी वर्षे तिने इकडे पाऊल टाकले नव्हते. वाकलेली, पांढरी, पण डोळे तेच. सोबत चार-पाच पाहुणे होते. सील नीट आहे का हे पाहायला साहेबही आत चढले.

"आई, तू आज कशाला आलीस गं?" लेक पुटपुटली.

"का? मोफत आहे म्हणून. तूच म्हणतेस ना, आई काटकसर करते."

ती दाराजवळ गेली. रंगाखाली बोटांनी चाचपले. जिथे बुवाची अंगठी वर्षानुवर्षे पडायची तिथे गजाला खोलगट खाच आहे. तिला ती सापडली. त्यावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "आले हं."

लेकीने बटण दाबले. पट्टे सरकू लागले. म्हातारी डोळे मिटून उभी होती. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"अगं, माझे कान नाही दडले. तो म्हणायचा, निम्म्यावर कान दडतात."

लेक खाली मान घालून म्हणाली, "आई, आपण खाली गेलोच नाही. इथंच आहोत."

"मग तो आहे तिथं?"

"तिथं कुणीच जात नाही."

इतक्यात छपरातून दोन ठोके घुमले आणि तो आवाज बोलला. घाबरलेला घंटीवाला. चूक. राहून गेलेला ठोका. लेकीचा हात सवयीने खुंटीकडे गेला आणि सीलवर अडकून राहिला.

"च्च!" एक पाहुणा म्हणाला. "एका ठोक्यासाठी जीव गेला हो."

"डोकं शांत ठेवायला नको?" दुसरी म्हणाली.

म्हातारीने लेकीकडे पाहिले. "हे तू रोज ऐकवतेस?"

"ऐकवत नाही गं. हलवते मी. इतकी हलवते की ऐकूच जाऊ नये."

"मग आज?"

लेकीने साहेबांकडे पाहिले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते रेकॉर्डिंग वरून आलंय, आजी. आमच्या हातात नाही."

पलीकडचे दार उघडले. पाहुण्यांनी फोटो काढले, मग एकेकाने दोरी ओढली. कुणी पाच ठोके दिले, कुणी सात, एकाने लग्नातल्या बाजासारखे वाजवले. ते सगळे परत माझ्यात येऊन उभे राहिले तरी म्हातारी दोरीपाशीच होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, सगळे अंग तिच्यावर टाकले आणि ओढली.

एकच ठोका.

मग ती आत आली. दार मात्र तिने लावू दिले नाही. दाराजवळ, त्या खाचेपाशी, एका माणसापुरती जागा मोकळी सोडून ती बाजूला सरून उभी राहिली. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली.

"आजी, दार लावू या? बाहेर रांग आहे," साहेब म्हणाले.

"थांबू दे रांगेला," लेक म्हणाली. साहेबांना तिने असे उत्तर आजवर कधी दिले नव्हते. "तिसरा ठोका पडला की थांबायचं असतं. तो माझा बाप होता. त्यानं कडी बाहेरून लावली होती."

इंजिनवाला जेवढा थांबायचा तेवढे आम्ही सगळे थांबलो. समोरच्या खोट्या काळोखातून कुणी आले नाही. मग म्हातारीने स्वतःच्या हाताने कडी आतून लावली आणि म्हणाली, "चल."

मित्रांनो, गोष्ट इथे गोड व्हावी असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण लेकीला बटणावरून काढले. आता ती जिन्याखालची फरशी पुसते. बटणाशी दुसरेच कुणी उभे असते. ते वाक्य अजून तसेच आहे, स्वच्छ ऐकू येते. म्हातारी त्यानंतर आली नाही. येणारही नाही, सुतकातल्या लेकीच्या कोऱ्या कपाळावरून मला ते कळले.

माझे एवढेच मागणे आहे. मला रंग दिलात, देव तुमचे भले करो. माझा गंज जसा खरवडलात तसे कधीतरी त्या वाक्यालाही खरवडून बघा. जो उलट उत्तर द्यायला वर येऊ शकत नाही, त्याच्या नावाला लोखंडापेक्षा जास्त जपावे लागते.

आणि तुम्ही कधी इकडे आलात, हातात ती दोरी आली, तर खेळ म्हणून वाजवू नका. एकच ठोका द्या. आत या, दाराजवळची जागा मोकळी सोडा आणि कडी लावण्याआधी जरा थांबा.