किल्ट फाटत नाही

गुरुवारी सकाळी मर्डो मॅकरेनं स्वतःच रचलेला दगडी गडगा तिसऱ्यांदा उतरवला. गडग्यात खोट नव्हती. खोट मर्डोच्या डोक्यात होती. शनिवारी त्याची पोरगी इश्बेल कायमची कॅनडाला चालली होती, आणि त्याच्या कमरेचा किल्ट काही केल्या फाटत नव्हता.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते सांगायला हवं.

मर्डोनं अडतीस वर्षं किल्ट, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार घागरे, शिवले, हातानं. आठ वार लोकर, आणि एकेक चुणी अशी बसवायची की मागून बघताना चौकटींची नक्षी कुठं तुटता कामा नये. मग दुकानदारांनी बाहेरून प्लास्टिकच्या धाग्याचे किल्ट आणले. पर्यटकांना विकले, लग्नांना भाड्यानं दिले. एका दुपारपुरते स्कॉटिश होणाऱ्यांना तेवढंच पुरे होतं. मर्डो शिवायचा तो कारखाना बंद पडला. कुणी हळहळलं नाही, कारण ज्यांनी हळहळायचं तेच भाड्याचे किल्ट घालून फोटो काढत होते. मर्डो शेतांचे गडगे रचायला लागला. दगडावर दगड, मध्ये चुना नाही की माती नाही. रागावलेल्या माणसाला बरं काम.

इश्बेल बापाकडूनच सुई धरायला शिकली होती. सहा वर्षांपूर्वी तिनं दोन मैलांवरच्या ओढ्याकाठी, जुन्या गिरणीत स्वतःचं शिवणघर काढलं. तिथं लोकर नव्हती. हेम्प होतं, भांगेच्या झाडाच्या सालीचं कापड, मातकट हिरवं, ना नक्षी ना घराण्याची ओळख सांगणारे पट्टे. रोज कामावर घालायचे किल्ट, खिशांसकट. पहिल्या दिवशी अर्धं गाव चहाला जमलेलं असताना मर्डो सगळ्यांदेखत म्हणाला, "पोत्याला चुण्या घातल्या म्हणून पोत्याचा किल्ट होत नाही."

लोक हसले. ते हसले नसते तर कदाचित तिथंच मिटलं असतं. इश्बेलनं टेबलावरचा एक किल्ट उचलला आणि बापाच्या छातीवर फेकला.

"घाल हा गडग्यावर. फाटेल त्या दिवशी इथं ये, याच लोकांसमोर दाराला कुलूप लावते. तोवर तोंड दाखवू नकोस."

मर्डोनं घातला. फाडायलाच घातला. सहा वर्षं, रविवार सोडून रोज.

पहिला महिनाभर किल्ट फळीसारखा ताठ होता, गुडघ्यामागं घासायचा. मर्डोची बायको जेसी दर आठवड्याला धुवायची, आणि दर धुण्याला कापड मऊ पडत गेलं. लोकर भिजली की ओल्या मेंढीसारखी लोंबते. हे कापड पावसात चिंब झालं तरी वाऱ्यावर लवकर वाळायचं. विजारीसारखं गुडघ्यावर ताणायचं नाही, उकिडवं बसताना अडायचं नाही. उन्हाळ्यात चिलटं पोटऱ्या फोडून खायची हे खरं, पण त्याचा दोष किल्टला कसा द्यायचा? दगड घासले, काटेरी तार अडकली, घोंगडीएवढी शेवाळी चिखलाची चादर अंगावर वाळली, पण एक धागा निघाला नाही. शेजारचा मेंढपाळ लॉकी विचारायचा, जुना झाला की पेटवून ओढता येईल का, निदान नशा तरी चढू दे. मर्डो म्हणायचा, या पोत्यात बटाटेसुद्धा राहणार नाहीत. पण रविवारी चर्चला जाताना लोकरीचा किल्ट चढवला की प्रार्थना संपेपर्यंत त्याचा हात मांडी खाजवत असायचा. जेसी ते बघत असायची.

जेसी दर शुक्रवारी लेकीकडं जाऊन यायची. बापलेक बोलले नाहीत ते नाहीत. दोन मैलांत सहा वर्षं मावली.

सोमवारी जेसीनंच बातमी आणली. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या कुणा विणकरांबरोबर इश्बेलनं भागी केली होती, सामान खोक्यांत भरून झालं होतं, शनिवारी निघायचं होतं. मर्डो म्हणाला, जाऊ दे. बूट चढवून बाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. मंगळवारी जेवण अर्धं टाकून उठला. बुधवारी जेसीचा संयम संपला.

"दोन मैल आहेत, मर्डो. पाय शाबूत आहेत तुझे."

"फाटल्याशिवाय येऊ नको, असं तीच म्हणाली होती."

"ती रागात म्हणाली, आणि तू सहा वर्षं पाळत बसलास. तुम्हा दोघांत मोठं गाढव कोण ते मला अजून ठरवता येत नाही."

म्हणून गुरुवारी त्यानं गडगा उतरवला, रचला, पुन्हा उतरवला, पुन्हा रचला, तिसऱ्यांदा उतरवला. मग सगळ्यात खरबरीत दगड शोधून त्यावर बसला आणि बूड घासत खाली सरकला. पुन्हा चढला, पुन्हा सरकला. सदुसष्ट वर्षांचा माणूस. किल्टला धूळ लागली, बाकी काही नाही. मग त्यानं किल्टचा पदर काटेरी तारेत अडकवून हिसका दिला. खांबातला खिळा उपटून हातात आला, पदर तसाच. टेकाडावरून लॉकीनं हे पाहिलं आणि काही न विचारता मेंढ्या घेऊन पलीकडं उतरला. लॉकी न विचारता जातो म्हणजे बघवत नसणार.

दुपारी मर्डो अवजारांच्या खोलीत शिरला. किल्टचा पुढचा सपाट पदर त्यानं मांडीवर ताणला आणि त्यावर कानस चालवली. सहा वर्षं मागं मागं आलेल्या कुत्र्याला आपण दगड मारतोय असं त्याला वाटलं. तरी हात थांबला नाही. अंगठा जाईल एवढं भोक पडलं तेव्हा कपाळावर घाम होता.

शुक्रवारी जेसी म्हणाली, आज माझा गुडघा दुखतोय, तूच जा. तिचा गुडघा दुखत नव्हता.

दोन मैल तो एकच शब्द घोकत गेला, आणि गिरणीच्या दारात पोचल्यावर तोच म्हणाला.

"फाटला."

आत भिंतीपर्यंत खोकी होती. इश्बेलच्या हातात चिकटपट्टी होती, ती तिनं हळूच खाली ठेवली. सहा वर्षांत तिच्या कानाशी केस पिकले होते. ती समोर येऊन गुडघ्यावर बसली, पदर उचलून उजेडाकडं धरला आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"किल्ट आधी कुठं विरतो?" तिनं विचारलं.

ती नऊ वर्षांची असताना मर्डोनं हाच प्रश्न तिला शंभरदा विचारला होता.

"बसायच्या जागी," तो म्हणाला. "चुण्यांच्या कडांना. नाहीतर पट्टा ओवतो तिथं."

"आणि पुढचा पदर?"

"पुढचा पदर सगळ्यात शेवटी."

"धागे सगळे एका लांबीवर तुटलेत. कानस?"

"गोल. बारीक दात्यांची."

इश्बेल उभी राहिली. तिचा आवाज चढला. "कुलूप लावायला आलायस? उद्या लागणारच आहे ते. एक दिवस थांबला असतास तर कानससुद्धा वाचली असती."

मर्डोनं टोपी काढली. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"शनिवारच्या आत फाटत नव्हता," तो म्हणाला.

मग इश्बेलनं वळून एका खोक्याची नुकती लावलेली पट्टी फाडली. कापडाच्या चार घड्या उपसल्या, सुयांची डबी आणि हिरव्या धाग्याचं रीळ काढून टेबलावर आपटलं.

"मी रफू करणार नाही. तू बिघडवलंस, तू शीव."

मर्डोनं कमरेला सामान बांधायची चादर गुंडाळली, किल्ट सोडून मांडीवर घेतला आणि बसला. पहिले चार टाके वाकडे पडले. उसवले. पुन्हा घातले. इश्बेल खोकी इकडून तिकडं ठेवत होती, ज्यांना हलवायची गरज नव्हती तीही.

"टोचत नाही हा," मर्डो मान वर न करता म्हणाला.

"माहितेय. आईनं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"चर्चमध्ये कुठं कुठं खाजवतोस ते."

मर्डोच्या तोंडून काहीतरी निघालं. हसू असेल. टाका मात्र सरळ पडला.

"उद्या किती वाजता?"

"सहाला गाडी येईल. सगळं गाव येणार आहे निरोपाला. तेच सगळे, चहा प्यायला आले होते ते."

"मग मीही येतो."

"लोकरीचा घालून?"

मर्डोनं शेवटची गाठ मारली, धागा कापला आणि रफूवरून अंगठा दाबून पाहिला. रंग किंचित वेगळा दिसत होता. दिसू दे.

"हाच घालून," तो म्हणाला.