गावाच्या पुढची खोकी

मर्लच्या दात घासायच्या ब्रशचा दांडा मी करवतीने अर्धा कापला, तेव्हा तो म्हणाला, "व्हर्ना, आता माझे कानही काप. तेवढंच वजन कमी."

"कापले असते, नाहीतरी तू त्यांचा वापर करत नाहीसच," मी म्हटलं. "पण टोपी कशावर अडकवशील?"

दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यापासून पार उत्तरेतल्या मेन राज्यापर्यंत डोंगरमाथ्यावरून जाणारी पायवाट. बावीसशे मैल, सहा महिने. तीस वर्षं आमचं ठरलेलं होतं, मर्ल रिटायर झाला की दोघांनी मिळून चालायची. तो मागच्या वर्षी रिटायर झाला आणि त्याच हिवाळ्यात माझ्या कमरेचा सांधा गेला. नवा बसवला, पण डॉक्टर म्हणाले, दुकानापर्यंत चाला, डोंगर विसरा. मर्ल म्हणाला, मग मीही जात नाही. मीच भांडून भांडून त्याला तयार केलं. आतून मात्र रोज वाटायचं, एखाद्या सकाळी याने सॅक माळ्यावर टाकावी आणि म्हणावं, जाऊ दे.

ऑक्टोबरपासून मी वाळवणं करत होते. खिमा, राजमा, मटार, सफरचंदाच्या चकत्या. वाटेवरच्या गावांमधल्या पोस्टात खोकी आधीच पाठवायची, पोस्टवाले ती सांभाळून ठेवतात, चालणारा येऊन घेऊन जातो. एकोणीस खोक्यांचं जेवण मी औंसात तोलून वाळवलं होतं.

मंगळवारी दुपारी खोक्यांना टेप लावायला बसले. गुरुवारी तो निघणार होता. मोजली तर खोकी नऊच. प्रत्येकावर मर्लच्या चौकोनी अक्षरात गावाचं नाव, आणि शेवटचं नाव आमच्या डंकॅनन गावाच्या अलीकडचं. उरलेली दहा कपाटामागे घडी घालून उभी होती.

"मर्ल, बाकीची का नाही भरलीस?"

तो बुटाची नाडी ओवत होता. त्याने मान वर केली नाही. "पायवाट आपल्या दारावरूनच तर जाते. जूनमध्ये इथे पोचतो. अर्ध्याहून जास्त होते की. बास झालं."

"कुणी सांगितलं तुला थांबायला?"

"कुणी नाही."

"मग?"

"तू दुपारची पोर्चवर बसतेस आणि सॅकवाले दिसले की पार वळणापर्यंत बघत राहतेस. मला काय दिसत नाही?"

खरं सांगते, आधी मला आनंदच झाला. जून म्हणजे तीनच महिने. दाढी वाढलेला, घामाने आंबलेला मर्ल दारात येईल, सॅक खाली ठेवेल आणि ती पुन्हा उचलणार नाही. मी मनातल्या मनात त्याची चादरसुद्धा बदलली.

मग मला जुलै दिसला. उत्तरेकडे जाणारी पोरंपोरी आमच्या घरासमोरून मेनला निघालेली, आणि मर्ल पोर्चवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना वळणापर्यंत बघतोय. आमच्या घरात असं बघत बसणारं एक माणूस पुरे होतं.

"पेन दे," मी म्हटलं. "आणि तळघरातल्या जेवणाच्या पिशव्या वर आण."

"व्हर्ना, अगं..."

"पेन दे आधी."

तो पिशव्या आणत राहिला, मी नावं लिहीत राहिले. उरलेल्यांतलं दहावं खोकं मेनमधल्या मॉन्सनचं, शेवटच्या जंगलाच्या अलीकडचं. तिथे मी पेन खाली ठेवलं.

"मला यायचं होतं रे," मी म्हटलं. "फार यायचं होतं."

इतक्या महिन्यांत हे मी पहिल्यांदाच बोलले. तो टेबलापाशी तसाच उभा राहिला. पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. आणि हातातली पिशवी खाली ठेवत, "मग जूनमध्ये घरी आलो की काय करायचं?"

"आंघोळ कर. जेव. झोप. सकाळी उठून निघ."

"आणि मी म्हटलं, राहतो, तर?"

"तर सॅक उचलून बाहेर ठेवीन. आणि दाराला कडी लावीन."

तो हसला, पण डोळे पुसत हसला, आणि पुढच्या पिशव्या आणायला खाली गेला. मी मॉन्सनच्या खोक्याला टेप लावली. त्याची तयारी संपत आली होती. जूनमधल्या त्या एका सकाळची माझी तयारी आत्ता कुठे सुरू झाली होती.