तिसऱ्या खंडातल्या खिडक्या

माझ्या धाकट्या बहिणीने, लेटिसने, मरताना एकच गोष्ट मागितली. तिला कादंबरीचा शेवट ऐकायचा होता.

तीन खंडांची जुनी कादंबरी होती ती. मेरियनचा नवरा समुद्रावर जातो आणि ती बंदरावरच्या माडीवर त्याची वाट बघत बसते. पहिले दोन खंड मीच वाचून दाखवले. लेटिसला खोकल्याची उबळ आली की थांबायचं, चहाचे दोन घोट पाजायचे, पुन्हा सुरू. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण हिला काळजी मेरियनची.

"डॉर्कस, तो परत येतो का गं? तेवढं कळलं की मी सुटले."

तिसरा खंड उघडला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पानापानाला खिडक्या पाडलेल्या!

हा उद्योग मास्तरांचा; पहिले दोन खंड आम्ही वाचायला घेतले म्हणून बचावले होते. मास्तर म्हणजे लेटिसचे यजमान, जेबेझ थर्लवेल. शाळेची नोकरी सुटल्यापासून ते एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी फुकट राबत होते. असे हौशी लोक गावोगावी होते. जुन्या कादंबऱ्यांतून वाक्यं वेचायची आणि संपादकांना धाडायची. पण जो तो चमत्कारिक शब्दांच्या मागे. 'येणे' हे रोजचं क्रियापद कोणालाच नको होतं, म्हणून संपादकांनी ते मास्तरांच्या गळ्यात घातलं आणि मास्तर धन्य झाले. उतरवून घेण्यात वेळ जातो म्हणून बाजारातून जुनी पुस्तकं आणायची, आणि जिथे कोणी येईल तिथे कात्री चालवायची. तुकडे पाकिटात, पाकीट टपालात.

"मास्तर, शेवटच्या पानाचा नुसता समास उरलाय!" मी ओरडले.

"तिथली उदाहरणं फार सुंदर होती," ते म्हणाले.

लेटिस चिडली नाही. "असू दे. तुम्ही वाचलंय ना? तुम्हीच सांगा. तो येतो?"

मास्तरांनी चष्मा काढला. "शेवटी वादळ येतं. मग पहाट येते. मग कोणीतरी जिन्याने वर येतं."

"कोण?"

मी मागून खुणा करत होते, अहो, तोच येतो म्हणा! पण खात्री नसलेलं वाक्य या माणसाने उभ्या जन्मात कोणाला दिलं नव्हतं.

"मी गोष्ट वाचलीच नाही गं, लेटिस. मी फक्त क्रियापद शोधत होतो."

मला राहवलं नाही. "येतो गं तो. मी लहानपणी वाचलीय ही."

लेटिसने माझ्याकडे बघितलं. "मग दोन खंड माझ्याबरोबर अंदाज कशाला बांधत बसली होतीस?" आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मास्तर आगगाडीने शब्दकोशाच्या कचेरीत गेले. दुपारी जिना वाजला. लेटिसने डोळे उघडले. "आला?" डॉक्टर होते. तिने डोळे मिटले ते मिटलेच.

संध्याकाळी मास्तर पाकीट घेऊन आले. नशीब, तिकडे ते अजून कोणी फोडलं नव्हतं. खोलीत काय झालंय हे त्यांनी पाहिलं, तरी खुर्ची पलंगाजवळ ओढली. एकेक तुकडा त्याच्या त्याच्या खिडकीत बसवला आणि पहिल्यांदाच गोष्ट वाचायला लागले, मोठ्याने, तिला ऐकू जाईल अशी. वादळ आलं, पहाट आली, जिना वाजला.

"तोच आहे, डॉर्कस!" मास्तर ओक्साबोक्शी रडायला लागले. "तोच येतो!"

म्हणजे माझी थाप खरी निघाली होती. आणि लेटिस मला खोटारडी समजून गेली.